रक्तात थोडंसं भलतंच

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज शिकणारीनं शिकवणारीला वाचवलं.

लायब्ररीवाल्या बाईंचा तास होता. बाई निवृत्त झाल्यावर गाडी शिकायला आल्यात. समोर कबूतर दिसलं तरी करकचून ब्रेक लावतात. गाडी कडेला लावण्याचा सराव चालला होता. चाक आणि फुटपाथ यांच्यात किती जागा उरली ते दाखवायला मी खाली उतरले आणि डोळ्यांपुढे काळोख आला. पुढचं मला थेट फुटपाथवरचं आठवतं. पाठ टायरला टेकलेली आणि बाई समोर उकिडव्या बसलेल्या. तोवर त्यांनी हँडब्रेक ओढला होता, मागचे दिवे लुकलुकत ठेवले होते, किल्ली काढून पर्समध्ये टाकली होती.

"आधी गाडी, मग माणूस. तुम्हीच सांगितलं होतंत," त्या म्हणाल्या. मला चक्क हसू आलं.

डॉक्टरकडे जाईन असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. घरी ह्यांना अर्धंच सांगितलं, "जरा गरगरलं" एवढंच. सगळं सांगितलं की ह्यांचा चेहरा पडतो आणि मग त्यांनाच धीर देत बसावं लागतं. म्हणून बाकीचं इथे लिहिते.

पाय कितीतरी महिने सुजतात. संध्याकाळी मोजा काढला की घोट्यावर खोल वळ दिसतो. बोटांना मुंग्या येतात. पण आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या बाईच्या बोटांना मुंग्या नाही येणार तर काय? आणि लघवीला फेस येतो, साबणाच्या पाण्यासारखा. संडास धुण्याची पावडर दोनदा बदलून पाहिली. फेस तसाच.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लघवीत पट्टी बुडवली, रंग बघितला, मग दुसरी पट्टी काढून पुन्हा बुडवली. पहिल्या पट्टीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

"साखर नाही. प्रेशर तर उलट कमी. आणि प्रथिन नुसतं वाहून चाललंय." थोडं थांबून म्हणाले, "मी तुम्हाला सूज उतरायच्या गोळ्या देत राहिलो. ही पट्टी तेव्हाच बुडवायला हवी होती. आता हे माझ्या आवाक्यातलं नाही, किडनीच्या डॉक्टरांकडे जा."

मोठा माणूस इतकं सरळ बोलला की रागावायचंच राहून गेलं. किडनी म्हणजे चाळणी असं त्यांनी समजावलं. जे रक्तात राहायला हवं तेच माझ्या चाळणीतून गळतंय.

संध्याकाळी हे उशिरा आले. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात काम होतं म्हणे. चष्म्याच्या दुकानात कसली आलीय एवढी घाई? तरी जेवताना एक झालं. मी म्हटलं, डाळ वाढा. तर डाव हातात धरून उजवा पाय टेबलाखाली हळूहळू दाबत होते. म्हटलं, पायाला काय झालं? म्हणाले, "काही नाही, गोळा आला."

बुधवार, २१ फेब्रुवारी

किडनीच्या डॉक्टर बाई आहेत, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. प्रश्न मात्र सगळे तिरपागडे. जीभ जड वाटते का? दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं का? हातांना मुंग्या?

"त्या स्टिअरिंगच्या," मी म्हटलं.

"सुट्टीत जातात?"

सुट्टी घेतल्याशिवाय कसं सांगणार!

मग माझ्या डाव्या डोळ्याखालचा जांभळा डाग त्यांनी पाहिला. मी म्हटलं, परवा जोरात शिंकले, डोळा चोळला, तेव्हापासून आहे. बाईंनी कागद पुढे ओढला. बराच वेळ लिहीत राहिल्या, मग दोन जास्तीच्या तपासण्या सांगितल्या. "रक्तात एखादं भलतंच प्रथिन फिरतंय का ते बघू या."

डोळ्याखालच्या डागाचा किडनीशी काय संबंध? लेक म्हणाली, "आई, त्यांना विचारायचंस ना." मला त्या वेळी सुचलंच नाही. शिकाऊ माणसाचं पहिल्या दिवशी होतं तसं झालं होतं, सगळं दिसत होतं आणि काही कळत नव्हतं.

शनिवार, २ मार्च

जीव भांड्यात पडला!

भलतं प्रथिन सापडलं, पण अगदी थोडं. आज रक्ताच्या डॉक्टरांकडे होतो. पांढऱ्या केसांचे, भारदस्त, बाहेर ही गर्दी. कागद लांब धरून बघितला आणि म्हणाले, "या वयात कित्येकांच्या रक्तात एवढं सापडतं. बहुतेकांना ते काही करत नाही. सहा महिन्यांनी परत बघू."

लेकीला फोन केला, तिघं बाहेर जेवलो. मी पोटभर हसले. हे मात्र आपल्याच तंद्रीत. मध्येच म्हणाले, "हाफ क्लच म्हणजे नेमकं काय गं?"

लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्या शेजारच्या सीटवर बसतोय. 'तू गाडी बघ, मी रस्ता बघतो' हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. कधी साधं इंडिकेटरबद्दल विचारलं नाही आणि आज हाफ क्लच! लेक पाण्याचा पेला तोंडाला लावून बसली होती, तिला ठसका लागला.

सोमवार, ४ मार्च

किडनीवाल्या बाईंचा फोन. स्वतः केला होता, सिस्टरकरवी नाही.

"थोडं आहे म्हणून मला गप्प बसवत नाही," म्हणाल्या. "ते किती आहे यापेक्षा ते काय करतंय हे बघायला हवं. तुमची गळती आहे, हात आहेत, तो डोळ्याखालचा डाग आहे. एकेकटं काहीच नाही. एकत्र धरलं की मला काळजी वाटते. किडनीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. रक्ताच्या डॉक्टरांशीही बोलले, ते तयार आहेत."

धोका विचारला तर तोही सांगितला. रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित, पण होऊ शकतो.

मी फोन ठेवला आणि भांडी आदळली. मोठे डॉक्टर सहा महिने म्हणतात आणि हिला सुया टोचायची हौस! लेक आली तर तिच्यावरच तोंड सोडलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, रस्ता रिकामा दिसतोय म्हणून तू कुणाला आरशात न बघता वळू दिलंयस कधी?"

नाही दिलं. एकदाही नाही. तिच्यावर ओरडताही येईना, माझंच वाक्य होतं ते.

तुकडा काढणार.

गुरुवार, १४ मार्च

हॉस्पिटलच्या पलंगावरून. पाठीवर सरळ पडून राहायचंय, कूस वळायची नाही. वही पोटावर ठेवून लिहितेय, त्यामुळे अक्षर हे असं.

सकाळी पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. पाठ बधिर केली. पडद्यावर किडनी बघत बघत बाई म्हणाल्या, "श्वास घ्या… धरा." खटकन आवाज झाला, कागदाला टाचणी मारल्यासारखा. "सोडा." पुन्हा एकदा तसंच. एवढंच. नंतर पहिली लघवी गुलाबी झाली, तेव्हा मात्र मी घाबरून सिस्टरला हाक मारली. सिस्टरनं भांडं उजेडात धरलं, "फिकट आहे, घाबरू नका, मी लक्ष ठेवून आहे" म्हणाली आणि खरंच सारखी येत राहिली. दुपारनंतर लघवी स्वच्छ झाली. तिला काय वाटलं असतं माहीत नाही, मला तिच्या हातांचे मुके घ्यावेसे वाटले.

एक गोष्ट लागली मनाला. जेवणाच्या वेळी हे "आलोच" म्हणून गेले ते बऱ्याच वेळानं आले. मी इथे छताकडे बघत पडलेय आणि ह्यांना आजच कुठे जायचं होतं? गेला महिनाभर हेच चाललंय. आजारी बायकोजवळ बसवत नसेल. काही पुरुषांना नाही बसवत. परत आले तेव्हा शर्ट घामानं भिजलेला आणि चेहरा मात्र खुललेला. मी तोंड फिरवलं. कूस वळता येत नव्हती, म्हणून नुसतं तोंड.

शुक्रवार, १५ मार्च

आज घरी आले. कशी आले ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सिस्टरनं चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आणलं. हे टॅक्सी बघायला पुढे गेले होते. बघते तर माझी गाडी, माझी स्वतःची गाडी, छतावरच्या पाटीसकट, गोगलगायीसारखी फाटकातून आत येतेय. आणि चाकामागे हे! दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलेलं, जणू कुणी हिसकावून नेणार आहे.

काल दुपारी ह्यांची परीक्षा होती. पास झाले.

आमच्या समोरच्या फुटपाथवर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. माझी गिऱ्हाइकं पळवतो म्हणून मी त्याच्याशी धड बोलत नाही. मी फुटपाथवर कोसळले त्याच आठवड्यात हे त्याच्याकडे गेले होते. रोज संध्याकाळी तो ह्यांना गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर नेत होता. लेकीला सगळं ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलं? मी शिकवलं नसतं?" मी विचारलं.

"तू शिकवायला बसली असतीस. मला तू झोपायला हवी होतीस," हे म्हणाले.

सबंध रस्ता मी बडबडत होते. तिसरा टाका. अहो, तिसरा. आरसा बघा. एवढं कडेला नको. हे "हो, हो" म्हणत गाडी हाकत होते. वळणावर इंजिन बंद पडलं, मागून हॉर्न वाजले, ह्यांनी शांतपणे पुन्हा चालू केलं. मग मी खिडकीबाहेर बघत राहिले. घर येईपर्यंत डोळे कोरडे करायला तेवढं बरं पडलं.

काल काय काय लिहिलंय मी. खोडत नाही, राहू दे.

शुक्रवार, २२ मार्च

नाव कळलं. अमायलॉइडोसिस. पाचव्या प्रयत्नाला उच्चारता आलं. ह्यांना अजून येत नाही.

बाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. हाडांच्या आत, जिथे रक्त तयार होतं, तिथल्या थोड्या पेशी बिघडल्यात. त्या एक भलतंच प्रथिन तयार करतात. त्याची नीट घडी पडत नाही, ते चुरगळतं आणि रक्ताबरोबर फिरता फिरता कुठेतरी मेणासारखं साचतं. माझ्या किडनीच्या चाळणीत साचलंय. बहुधा मनगटातही, म्हणून मुंग्या. डोळ्याखालची शीरही त्यानंच नाजूक केलेली.

"म्हणजे स्टिअरिंग निर्दोष," मी म्हटलं. बाई पहिल्यांदा हसल्या.

मग म्हणाल्या, "साध्या रंगात तुमचा तुकडा जवळपास ठीक दिसत होता. आमच्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. त्यांनी वेगळा रंग चढवला, खास उजेडात धरला, तर ते हिरवं चमकलं. ते हिरवं दिसलं की शंका उरत नाही. त्यांनी लगेच मला फोन केला."

नंतर प्रथिनाचीही नीट ओळख पटवली म्हणे. कारण वेगवेगळी प्रथिनं अशी साचतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

ह्यांनी विचारलं, "आणखी कुठे साचलंय?"

"हृदय बघायचंय," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षाही हळू.

मंगळवार, २६ मार्च

हृदय मोकळं आहे.

याहून जास्त लिहायला आज शब्द नाहीत. हे पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर डोकं टेकवून उभे राहिले. मी म्हटलं, पत्रा तापलाय, कपाळ भाजेल. "भाजू दे," म्हणाले.

गुरुवार, २८ मार्च

कमरेच्या हाडातून नमुना काढला. दुखलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच दुखलं, पण दहा आकडे मोजेपर्यंतच.

त्याआधी रक्ताचे डॉक्टर भेटले. मी आत गेले तर खुर्चीतून उठले. "मी सहा महिने थांबा म्हणालो होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात ते हृदयापर्यंत गेलं असतं तर मी आज तुम्हाला काय सांगितलं असतं माहीत नाही. किडनीच्या डॉक्टर बाईंनी माझं ऐकलं नाही हे फार बरं झालं." एवढा भारदस्त माणूस, आणि कान लाल झाले होते.

आता उपचार त्यांचेच. मला त्यांच्याबद्दल काडीचाही राग नाही. आपली चूक उघड मान्य करणारा डॉक्टर सावधपणे औषध देणार, याची खात्री वाटते.

शुक्रवार, ५ एप्रिल

पहिलं इंजेक्शन, पोटाच्या कातडीत. हळूहळू देतात. सिस्टर शेजारी बसून गप्पा मारत होती. तिलाही गाडी चालवायची हौस आहे, पण रिव्हर्सची भीती वाटते म्हणे. पोटात सुई असताना मी तिला रिव्हर्स शिकवला. मान कुठे वळवायची, नजर कुठे ठेवायची.

शनिवार, ६ एप्रिल

काल दिलेल्या गोळ्यांनी अंगात वारं शिरलंय. सकाळपासून तीन कपाटं आवरली, ह्यांचे जुने शर्ट काढून टाकले, त्यांनी गुपचूप परत आत ठेवले, त्यावरून भांडले, मग आपणहून चहा करून दिला. लेक म्हणाली, "बाबा, ह्या गोळ्या फक्त आठवड्यातून एकदाच आहेत ना? नक्की विचारलंत?"

रविवार, १९ मे

फार दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं अंगात काही नव्हतं. तोंडाला चव नाही. जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं. मधे एकदा ताप आला म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. मंगळवारी तर वाटलं, पुरे आता. कुणाला बोलले नाही.

आज समोरचा आला, तोच, ह्यांना शिकवणारा. सोबत लायब्ररीवाल्या बाई. बाईंना लायसन्स मिळालं! माझे बाकीचे विद्यार्थीही सध्या तोच सांभाळतोय. दारातच घुटमळत म्हणाला, "मॅडम, मी त्यांना तुमच्या गाडीवरच शिकवतो, पाटी तुमचीच ठेवलीय." मी म्हटलं, "कडेला गाडी लावायला नीट शिकव, तुझं तेच कच्चं होतं." तो "हो मॅडम" म्हणाला आणि तसाच हसत उभा राहिला. ओरडा खाऊन कुणाला एवढा आनंद होतो का?

बाई मला त्यांच्या गाडीतून चक्कर मारायला घेऊन गेल्या. मी मागच्या सीटवर. वाटेत दोन कबूतरं आली. बाईंनी वेग थोडा कमी केला, ब्रेक नाही लावला. मंगळवारचं ओझं कुठल्याशा वळणावर उतरून गेलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

भलतं प्रथिन आता तपासणीत सापडत नाही.

किडनीवाल्या बाईंनी दोन कागद शेजारी ठेवले, फेब्रुवारीचा आणि आजचा. गळती निम्म्याहून खाली आलीय. किडनीचं काम होतं तिथेच टिकलंय, आणखी घसरलं नाही. डायलिसिसचा विषय सध्या नाही.

"बरी झाले असं म्हणू का?" मी विचारलं.

"नवीन साचणं थांबलंय असं म्हणा. साचलेलं सावकाश निघतं, काही कदाचित राहीलही. तपासण्या जन्मभर कराव्या लागतील. ते परत डोकं वर काढू शकतं. काढलं तर या वेळी आपल्याला लवकर दिसेल."

'आपल्याला' म्हणाल्या. माझ्या मनात मार्चमधला तो फोन आला आणि मी आदळलेली भांडी. तेवढंच सांगितलं त्यांना. म्हणाल्या, "आदळू द्या हो. तुम्ही आलात ना."

मी त्यांचे हात हातात घेतले. मुंग्या अजून येतात, पण त्यांचे हात गार आहेत हे मला नीट कळलं.

निघताना विचारलं, ते हिरवं कुणी पाहिलं होतं? मला त्यांचे आभार मानायचेत. बाई जरा गोंधळल्या. "ते खाली तळघरात बसतात. त्यांच्याकडे पेशंट कधी जात नाहीत. थांबा, विचारते."

बुधवार, १८ सप्टेंबर

आज तळघरात जाऊन आले.

लांब बोळ, औषधांचा उग्र वास, टोकाला एक खोली. पॅथॉलॉजीचे डॉक्टर साठीच्या आसपासचे, सडपातळ. पायात रबरी सपाता. खोलीत पाहुण्यासाठी खुर्चीच नव्हती. त्यांनी घाईघाईनं एका स्टुलावरची पुस्तकं उचलली, कुठे ठेवावीत ते कळेना, शेवटी जमिनीवर ठेवली.

मी म्हटलं, "तुम्ही पहिल्या रंगावर थांबला नाहीत, म्हणून मी आज इथे आलेय. दुसरं काही काम नाही, एवढं सांगायचं होतं."

ते म्हणाले, "त्या चाळणीत काही पुंजके जरा जास्तच गुळगुळीत दिसले. मनाला पटेना. बाकी काही नाही." मग एकदम, "बघायचंय?"

ट्रेमधून काच काढली. नखाएवढी काच आणि तिच्यावर केसभर काहीतरी. ती मी. सूक्ष्मदर्शक माझ्या उंचीला लावून दिला. आधी नुसतं फिकट तांबूस दिसलं. त्यांनी काहीतरी फिरवलं, सगळा काळोख झाला आणि काळोखात हिरवं पेटलं. कच्च्या सफरचंदासारखं, कोवळं. मी कितीतरी वेळ डोळा काढला नाही.

"सुंदर दिसतंय," तोंडून निघून गेलं आणि माझं मलाच कसंसं झालं.

"दिसतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं बघतोय. दिसलं की आधी बरं वाटतं, सापडलं म्हणून. आणि मग ते कुणाचं असेल याचा विचार येतो. वर काय होतं ते खाली कळत नाही. फोन करायचा, नाव आणि नंबर सांगायचा, पुढची काच घ्यायची."

मग त्यांनी विचारलं, मी काय करते. गाडी शिकवते म्हटलं. शिकणाऱ्यांना ओरडता का, विचारलं. फार ओरडते, म्हटलं. पाय आता सुजतात का? कमी. जिना चढता येतो? न थांबता. आत्ताच उतरून आले, आता चढून जाणार. सकाळी काय खाता, रात्री झोप येते का, सगळं विचारत राहिले. मला वाटलं, तपासणीचाच भाग असेल.

त्यांचा फार वेळ घेतला. मी उठले तर तेही उठले. बोळाच्या टोकापर्यंत येतो म्हणाले. मग जिन्यापर्यंत. मग माझ्या मागोमाग जिनाही चढले, थेट बाहेर, सपाता तशाच. फाटकाशी हे गाडी घेऊन उभे होते. मी म्हटलं, "उतरा, आज मी चालवणार." रक्ताच्या डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात परवानगी दिलीय. ह्यांनी मुकाट्यानं किल्ली दिली आणि जाऊन आपल्या जुन्या सीटवर बसले.

पट्टा लावला, आरसा नीट केला. डॉक्टर अजून पायरीवर उन्हात उभे होते, हाताची सावली डोळ्यांवर धरून. मी फाटकातून बाहेर वळेपर्यंत ते तिथेच होते. दिवसभर तळघरात कोंडून घेतात बिचारे. थोडं ऊन खायला आले असतील.